अखंड रेघ, तुटक रेघ

आम्ही दोघेही मराठीचे. एकाच विद्यापीठातून, एकाच वर्गात बसून एम.ए. झालो आणि पुढे दोघांनीही मराठीच शिकवायला घेतले. घरात पुस्तकांची तीन कपाटे आहेत. त्यांत गणिताचे एकही पुस्तक नव्हते आणि खरे सांगायचे तर त्याचा आम्हाला थोडासा अभिमानच होता. ‘आमचे गणित कच्चे’ हे वाक्य आपल्याकडे लाजून म्हटले जात नाही, हसून म्हटले जाते. ‘आमचे शुद्धलेखन कच्चे’ हेही अलीकडे तसेच हसत म्हटले जाते, त्याचा मात्र आम्हाला राग येतो. या दोन प्रतिक्रियांमधली विसंगती ध्यानात यायला आमची पंचेचाळिशी आणि लेकीची अकरावी उजाडावी लागली.

लेक दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे गेली. तिथे गणित किंवा एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, असा पर्याय असतो. ज्यांना आकड्यांची धास्ती असते ती मुले मुकाट्याने एसपी घेतात. हिने गणित घेतले. का, असे विचारल्यावर ‘घरात कुणाला तरी यायला हवं ना’ असे उत्तर मिळाले. पहिल्या सत्रात पन्नासपैकी अठरा गुण हवे होते, तिला सतरा पडले. आम्ही तिला शहरातल्या एका खाजगी क्लासला घातले, फी हप्त्यांनी भरायचे ठरवले आणि मराठी मध्यमवर्गीय पालकांचे कर्तव्य पार पडले असे मानून आपापल्या कामाला लागलो.

2024 च्या जानेवारीत एका रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होतो आणि समोर लेक ‘लिनियर इनइक्वेशन्स’ या प्रकरणाशी झटत होती. कॉलेजात ‘सोपे आहे, घरी करा’ म्हणून हे प्रकरण सोडून दिलेले, क्लासमध्ये ते एका तासात उरकलेले. तिने वही पुढे सरकवली. उणे 2 एक्स अधिक 6 हे 10 पेक्षा मोठे, तर एक्स किती? तिने 6 पलीकडे नेला, त्याचे चिन्ह बदलले, उणे 2 एक्स हे 4 पेक्षा मोठे असे मिळवले, मग उणे 2 ने भागून ‘एक्स हा उणे 2 पेक्षा मोठा’ असे लिहिले. पुस्तकाच्या मागे उत्तर होते, ‘एक्स हा उणे 2 पेक्षा लहान’.

‘‘ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं, असं सर म्हणाले. पण का उलटतं?’’

‘‘नियम आहे,’’ आमच्यापैकी एकजण म्हणाला.

हे उत्तर तोंडातून निघाले आणि आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. इकारान्त शब्दाचा शेवट दीर्घ का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले आणि आम्ही ‘नियम आहे’ म्हणून मोकळे झालो, तर तो विद्यार्थी आयुष्यभर त्या नियमाचा द्वेष करतो, हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहोत. आम्ही लाल पेने बंद केली. त्या रात्री पहिल्यांदाच तिघे एका गणितावर वाकलो.

आधी तिचे चुकले ते तपासले. एक्सच्या जागी शून्य घातले तर डावीकडे 6 उरतात, आणि 6 काही 10 पेक्षा मोठे नाहीत. म्हणजे शून्य हे उत्तरात बसत नाही, पण तिच्या उत्तरानुसार ते बसायला हवे होते. उणे 3 घातले तर 6 अधिक 6, बारा, बसते. उत्तर पुस्तकाचेच खरे. गोंधळाचे मूळही सापडले. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा मंत्र शाळेपासून कानांत असतो, पण तिथे बदलते ते संख्येच्या पुढचे अधिक-उणे. दोन बाजूंच्या मध्ये उभे असलेले लहान-मोठ्याचे चिन्ह ही निराळीच गोष्ट आहे आणि बेरीज-वजाबाकीने ते हलत नाही. एकाच ‘चिन्ह’ या शब्दाने दोन्ही गोष्टींचा निर्देश करायचा आणि मग मुलांचे चुकले म्हणून रागवायचे, हा अपराध शेवटी भाषेचाच आहे.

उलटते का, हे मात्र आम्हाला भाषेनेच सांगितले. आपण प्लसला धन म्हणतो आणि मायनसला ऋण. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम सांगितले, तेव्हा त्याने शब्द घेतले ते सावकाराच्या चोपडीतले. पाच लाखांचा धनी तीन लाखांच्या धन्यापेक्षा वरचढ. आता उणे 1 ने गुणायचे म्हणजे काय करायचे, तर प्रत्येकाचे जेवढे धन तेवढेच त्याच्या माथी ऋण मारायचे. पाच लाखांचा कर्जदार तीन लाखांच्या कर्जदाराच्या मागे जातो. माणसे तीच, आकडे तेच, फक्त रांग उलटी झाली. शून्य हा आरसा आहे, आणि आरशात डाव्याचे उजवे होते, इतकेच.

लेकीने हे ऐकून घेतले, मग शांतपणे विचारले, ‘‘आणि आपण शून्याच्या कुठल्या बाजूला आहोत?’’

आम्ही हसलो. घराच्या कर्जाचे अजून अकरा हप्त्यांचे वर्ष आणि वर आणखी सहा वर्षे बाकी होती. ‘‘तू गणित कर,’’ म्हणालो.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस रोज रात्री तासभर हा उद्योग चालला. आम्हाला त्याची गोडी लागली, त्याचे कारण गणित नव्हते, त्याची भाषा होती. समीकरण या शब्दाला घरंदाजपणा आहे; राजकारणातसुद्धा ‘समीकरणे जुळतात’. इनइक्वॅलिटीला मात्र आपल्याकडे नीट नाव नाही. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांनी ‘असमिका’ असा नेटका शब्द घडवला. आपण ‘असमानता’ म्हणतो, आणि तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे समाजशास्त्राचा पेपर येतो. ‘विषमता’ म्हणावे तर विषम संख्या आडव्या येतात. आम्हा मराठीवाल्यांना तर समवृत्त, अर्धसमवृत्त आणि विषमवृत्तही आठवते. आलेखावरच्या दोन अक्षांनी कागदाचे जे चार भाग होतात त्यांना मराठी पाठ्यपुस्तकात ‘चरण’ म्हणतात, हे कळल्यावर आम्हाला केवढा आनंद झाला! श्लोकालाही चार चरण, प्रतलालाही चार. लेकीला अर्थातच यात काही विशेष वाटले नाही. तिचे पुस्तक इंग्रजीत, तिथे ‘क्वाड्रंट’.

तुलनेच्या बाबतीत मराठी मोठी काटकसरी आहे. संस्कृतातले ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय आपण रोजच्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार केले. ‘राम श्यामहून उंच’ एवढ्यावर आपले भागते, उंचाचा उंचच राहतो. ते प्रत्यय उरले ते ‘प्रियतम’सारख्या पत्रातल्या शब्दांत, आणि गंमत अशी की शाळेच्या गणितात. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. ‘तरतमभाव’ हा सुंदर शब्द आपण समीक्षेत वापरतो, विवेक या अर्थाने. त्याचे खरे माहेर या प्रकरणात आहे, असे आम्हाला वाटू लागले.

शाब्दिक उदाहरणे सुरू झाली तेव्हा आमचा खरा उपयोग झाला. लेकीला आकडेमोड येत होती, वाक्य चिन्हात उतरवणे येत नव्हते. ‘ॲट लीस्ट’मध्ये ‘लीस्ट’ दिसला की ती लहानाचे चिन्ह काढायची आणि ‘ॲट मोस्ट’मध्ये मोठ्याचे. चूक स्वाभाविक होती. आम्ही तिला मराठीत यायला सांगितले. ‘निदान पाच तरी’ म्हणजे पाच किंवा त्याहून अधिक. ‘फार तर पाच’ म्हणजे पाच किंवा त्याहून कमी. ‘पाचच’ म्हणजे समीकरण. ‘पाचसुद्धा नाहीत’ म्हणजे पाचापेक्षा निश्चित कमी, आणि इथे पाच बाहेर. ‘सुद्धा’, ‘तरी’, ‘च’, ‘फार तर’. ज्यांना आपण व्याकरणात अव्यये म्हणून एका तासात गुंडाळतो, त्या चिमुकल्या शब्दांनीच इथे सारा अर्थ पेलला आहे. पाच बाहेर की आत, हे एका ‘सुद्धा’वर ठरते.

सर्वांत निसरडा प्रयोग नकाराचा. ‘अठरापेक्षा कमी नाही’ आणि ‘अठरापेक्षा जास्त’ ही दोन वाक्ये घाईत सारखी वाटतात, पण त्यांच्यामध्ये अठरा स्वतः उभा आहे. राज्यघटनेच्या 326 व्या अनुच्छेदात मतदाराच्या वयाची अट अशीच नकारातून घातली आहे, अठरा वर्षांपेक्षा कमी नसलेला. 1988 च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीपूर्वी तिथे एकवीस होते. ज्या दिवशी वय नेमके अठरा भरते, त्या दिवशी माणूस आत असतो, हे त्या ‘कमी नसलेला’मुळे. कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्यांना हा नकार रूक्षपणाच्या हौसेने सुचलेला नसतो, हे आम्हाला या वयात उमगले.

याच ठिकाणी अखंड रेघ आणि तुटक रेघ येते. 2 एक्स अधिक 3 वाय हे 12 पेक्षा जास्त नाही, हे आलेखावर काढायचे तर आधी ‘बारा बरोबर’ असे धरून रेषा काढायची. आडव्या अक्षावर 6, उभ्यावर 4, दोन बिंदू जोडले की झाले. त्या रेषेने कागदाचे दोन भाग पडतात. कुठला भाग आपला, हे ठरवायला आरंभबिंदू घालून पाहायचे. शून्य अधिक शून्य, बारापेक्षा जास्त नाही, खरे. म्हणून आरंभबिंदूच्या बाजूचा सगळा भाग पेन्सिलीने रंगवायचा. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल तर मात्र हा साक्षीदार चालत नाही. जो स्वतः कुंपणावर बसला आहे त्याची साक्ष काय घ्यायची? तिथे दुसरा कुठला तरी बिंदू निवडावा लागतो. आणि रेषेवरचे बिंदू स्वतः उत्तरात असतील तर रेघ अखंड, नसतील तर तुटक. एकाच चलाचे उदाहरण संख्यारेषेवर काढतानाही तेच. भरीव ठिपका म्हणजे काठ आत, पोकळ वर्तुळ म्हणजे काठ बाहेर.

आपण मराठीत ‘काठावर पास’ म्हणतो. अठराला अठरा मिळवणारा पास असतो, कारण तिथली रेघ अखंड असते. लेकीचे सतरा रेघेच्या पलीकडे पडले होते. आमच्यापैकी एकाला एम.ए.ला 55.2 टक्के होते. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला पदव्युत्तर परीक्षेत 55 लागतात. आमच्या बाकावर बसणारा, केशवसुतांवर आम्हा दोघांपेक्षा कितीतरी चांगले बोलणारा मित्र 54.6 वर राहिला आणि पुढे स्टेशनरीचे दुकान चालवू लागला. त्याच्याकडूनच आम्ही तिच्यासाठी आलेखाचे कागद आणले. ‘‘आता कोण ग्राफ काढतंय तुमच्यात?’’ त्याने विचारले. असो.

या निमित्ताने आम्ही थोडे इकडचे-तिकडचेही वाचले. बरोबरचे चिन्ह 1557 मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने छापले; दोन समान लांबीच्या समांतर रेघांहून अधिक समान काय असणार, असा त्याचा युक्तिवाद. लहान-मोठ्याची चिन्हे छापील पुस्तकात आली ती 1631 मध्ये, इंग्लंडच्या टॉमस हॅरियटच्या ग्रंथात, आणि तोवर हॅरियटला जाऊन दहा वर्षे झाली होती. ‘किंवा बरोबर’ ही सवलत मिळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. चिन्हाच्या पोटाखाली रेघ देण्याची पद्धत पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1734 मध्ये वापरली. म्हणजे समानता आधी, मग मोठे-लहान, आणि काठावरच्या माणसाला आत घेणारी खूण सर्वांत शेवटी.

आम्हाला सर्वांत अस्वस्थ केले ते जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या एका उदाहरणाने. 1945 मध्ये त्याने प्रश्न घातला की एका प्रौढ माणसाला वर्षभर जगायला लागणारी नऊ पोषकद्रव्ये निदान अमुक प्रमाणात मिळावीत आणि खर्च कमीत कमी व्हावा, तर त्याने काय खावे? सत्त्याहत्तर पदार्थ, नऊ ‘निदान’. त्याने बऱ्याचशा अंदाजाने उत्तर काढले. गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या घेवड्याच्या बिया, 1939 च्या भावाने वर्षाला 39.93 डॉलर. पुढे 1947 मध्ये जॉर्ज डँटझिगने अशा गणितांसाठी सिम्प्लेक्स नावाची रीत शोधली, तेव्हा तिची परीक्षा याच उदाहरणावर घेतली गेली. नऊ कारकून हाताने चालवायची गणकयंत्रे घेऊन बसले, एका माणसाच्या हिशेबाने ते एकशेवीस दिवसांचे काम झाले, आणि उत्तर आले 39.69 डॉलर. स्टिगलरचा अंदाज चोवीस सेंटांनी चुकला होता. लेकीला या चोवीस सेंटांचे फार कौतुक वाटले. आम्ही मात्र त्या यादीकडे पाहत राहिलो. तिच्यात चहा नव्हता. गणिताने अटी पाळल्या होत्या, पण चव ही अट कुणी घातलीच नव्हती. अट म्हणून जे लिहिले जात नाही ते गणिताच्या लेखी नसतेच, हे त्या कोबी-पालकाने आम्हाला सांगितले, आणि ते पुढे महिनाभराने आमच्याच अंगावर आले.

ते सांगण्यापूर्वी थोडे घरचे सांगावे लागेल. आमच्यापैकी एक अनुदानित महाविद्यालयात कायम आहे. दुसरी सतरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते. पदव्या सारख्या, सेट दोघेही उत्तीर्ण, अनुभव जवळजवळ सारखा. वर्गात शिरल्यावर मुलांना कळणार नाही यात कायम कोण आणि तासिकेवर कोण. महिन्याच्या एक तारखेला मात्र कळते. नेमणूक वर्षभराचीही नसते, सत्राची असते. मानधन महिनोन्‌महिने रखडून एकदम येते. आणि नेमणुकीच्या पत्रात ‘आठवड्यास नऊपेक्षा अधिक नाही’ अशा तासिका. त्या नऊ तासिकांसाठी चाळीस किलोमीटर एसटीने जायचे आणि यायचे. उरलेल्या वेळात घरी शाळेच्या मुलांच्या शिकवण्या. आम्ही या गोष्टी लेकीसमोर बोलत नसू. रात्री ती झोपल्यावर, स्वयंपाकघरात, दिवा लहान करून बोलत असू. दोन खोल्यांच्या घरात ‘झोपल्यावर’ या शब्दाला फारसा अर्थ नसतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बारावीच्या क्लासची फी भरायची होती. एका रात्री लेकीने आमच्यापुढे आलेखाचा एक कागद ठेवला. वाटले, गृहपाठ. आडव्या अक्षावर लिहिले होते ‘आईच्या कॉलेजच्या तासिका’, उभ्यावर ‘आईच्या घरच्या शिकवण्या’.

तिने अटी खाली क्रमाने लिहिल्या होत्या. एक्स नऊपेक्षा अधिक नाही, हे पत्रातले. कॉलेजच्या एका तासिकेला प्रवास धरून दोन तास, घरच्या शिकवणीला एक, आणि आईला आठवड्यात घरकाम, स्वयंपाक, आजीचा दवाखाना हे सगळे करून फार तर सव्वीस तास मिळतात. म्हणून 2 एक्स अधिक वाय सव्वीसपेक्षा जास्त नाही. हे सव्वीस तिने कसे काढले, तर एक आठवडा घड्याळ लावून मोजले होते. घरच्या एका तासाची मिळकत हे एक माप धरले तर तासिकेची तीन मापे, आणि बाबांचा पगार वजा जाता हप्ता, औषधे, क्लासची फी मिळून आठवड्याला निदान छत्तीस मापे लागतात. म्हणून 3 एक्स अधिक वाय छत्तीसपेक्षा कमी नाही. हे छत्तीस तिने आमच्या रात्रीच्या बोलण्यातून जुळवले होते. एखाद-दुसऱ्या मापाची चूक असेल. जास्त नव्हती.

तिन्ही रेषा तिने काढल्या होत्या. छत्तीसच्या रेषेच्या वरची बाजू आणि सव्वीसच्या रेषेच्या खालची बाजू यांचा मेळ जिथे बसतो तिथे एक लहानसा त्रिकोण होता. त्याचे एक टोक 10 आणि 6 वर, बाकीची दोन तळाशी, 12 आणि 13 वर. आणि नऊवरची उभी रेषा त्या त्रिकोणाच्या डावीकडून, त्याला न शिवता, एका चौकटीच्या अंतरावरून गेली होती. नऊच्या आतल्या बाजूला काहीही रंगवलेले नव्हते.

‘‘नऊ तासिका आणि वर आठ शिकवण्या केल्या तर पस्तीस होतात,’’ ती म्हणाली. ‘‘छत्तीस हवेत. एकानं जातं.’’

आम्ही काही बोललो नाही. सतरा वर्षे आम्ही ज्याला परिस्थिती म्हणत होतो, नशीब म्हणत होतो, व्यवस्था म्हणून ज्यावर लेख लिहीत होतो, ते एका कागदावर एवढ्याशा अंतराने दिसत होते. दहावी तासिका असती तर. त्रिकोण होता, आम्ही तिथवर पोचत नव्हतो इतकेच. आणि आमची लेक ते एकटी बसून, पट्टी लावून, मोजत होती.

मग तिने कागद उलटला. मागे तोच आलेख पुन्हा काढला होता, एक बदल करून. छत्तीसच्या जागी बत्तीस. आता नऊच्या आत एक त्रिकोण उभा राहिला होता, तिन्ही कोपरे शाईने गिरवलेले. 6 आणि 14, 9 आणि 8, 9 आणि 5. चारने कमी कसे झाले ते विचारावे लागले नाही. क्लासची फी आठवड्याला चार मापे होती.

‘‘मी क्लास सोडते. असंही, हे प्रकरण मला तिथं कळलंच नव्हतं.’’

त्या रात्री आमचे वाजले. तिच्याशी, मग एकमेकांशी. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, मुलांच्या शिक्षणाची अट कुणी हलवायची नसते, ती सोडून काहीही हलवा. दुसरीचे म्हणणे, अटी हलवायचा अधिकार आपण तिला कधी दिला नाही म्हणून तिने तिच्या हातातली एकच हलवली. घर विकण्यापासून कायम नोकरीवाल्याने सुट्टीत पुस्तके लिहिण्यापर्यंत सगळे बोलून झाले. कोबी-पालकाची आठवण तेव्हा झाली. तिच्या अटींत आईची पाठदुखी नव्हती. एसटीत उभे राहून प्रवास नव्हता. आईला वर्गात उभे राहायला आवडते, कविता शिकवताना ती घरच्यापेक्षा निराळी दिसते, आणि केवळ पैशांचा प्रश्न असता तर तिने तासिका केव्हाच सोडल्या असत्या, हेही नव्हते. आम्ही ते सांगितले. ‘‘ते मी धरलंय,’’ लेक म्हणाली. ‘‘नाहीतर एक्स शून्य घालून पाहिलं असतं ना. सव्वीसच येतात त्यात.’’

यावर उत्तर नव्हते. एप्रिलमध्ये तिने क्लास सोडला. बारावीचे लिनियर प्रोग्रॅमिंगचे प्रकरण अकरावीच्या या प्रकरणाच्याच पायावर उभे आहे, फक्त तिथे रंगवलेल्या भागात थांबायचे नसते. नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी कुठे, हे शोधायचे असते. उत्तर एखाद्या कोपऱ्यावर हमखास सापडते, म्हणून सगळा भाग धुंडाळण्याऐवजी कोपरेच तपासायचे. आम्ही तिघांनी मे महिन्यात ते प्रकरण संपवले. आम्हाला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

जुलैत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाविद्यालयांची वेळापत्रके नव्याने बसली. मराठीच्या दोन तुकड्या एकत्र झाल्या. आमच्यातल्या एकीच्या हाती पत्र आले, त्यात नऊच्या जागी सात तासिका होत्या. ती घरी आली तेव्हा लेकीने आधी पाणी दिले, मग कपाटातून तो कागद काढला. सातवर उभी पट्टी लावली. त्रिकोण तिथे फार अरुंद आहे. खाली अकरा, वर बारा, मध्ये एका शिकवणीची जागा.

‘‘अकरा केल्या तर नेमके बत्तीस होतात, एखादा मूल सोडून गेलं की संपलं,’’ ती म्हणाली. ‘‘बारा करूया.’’

सात आणि बारावर तिने ठिपका दिला. तो सव्वीसच्या रेषेवर पडला, अगदी काठावर. ती रेघ आपण अखंड काढली होती ना, हे तिने वाकून पुन्हा एकदा पाहिले.